बॅटरीवरची स्कूटर चार्ज होत नसेल तर
(अभ्यासपाठ : कार्यकर्त्यांसाठी आणि त्यांना गाडी देणाऱ्या मंडळ्यांसाठी)



वणीहून एक रस्ता नांदुरीवरून कळवणकडे जातो, दुसरा बोरगावच्या बाजूने सापुताऱ्याकडे. ह्या दोन्ही रस्त्यांच्या आतल्या पाड्यांवर आपले कार्यकर्ते फिरतात. कोणी औषधे पोहोचवतो, कोणी बालवाडी पाहतो, कोणी बचतगटाचा हिशेब लिहितो. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे पेट्रोलऐवजी बॅटरीवरची गाडी आली. काही गाड्या तुमच्यासारख्या मित्रांनी दिल्या, काही त्यांनी स्वतः हप्त्याने घेतल्या. गाडीचा फायदा मोठा आहे. पण सकाळी उठून पाहावे तर रात्रभर लावलेली गाडी चार्जच झालेली नाही, असा निरोप माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. त्या दिवशी दोन-तीन पाड्यांचे काम बुडते.

असा निरोप आला की लोक पहिल्यांदा म्हणतात, "बॅटरी गेली." बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग. म्हणून तिच्यावरचा संशय सर्वांत शेवटी घ्यायचा. वीज भिंतीतून निघते, चार्जरमधून जाते, जोडणीतून गाडीत शिरते आणि शेवटी बॅटरीत पोहोचते. आपणही त्याच वाटेने, एकेक टप्पा तपासत जायचे. ह्या पाठात तोच क्रम दिला आहे.

आधी हे पाहा : हात लावायचा की नाही?

पुढील चिन्हांपैकी एक जरी दिसले तर तपासणी करायची नाही. बॅटरीचा डबा फुगला आहे. गोडसर किंवा रसायनासारखा उग्र वास येतो. गाडी उभी असूनही बॅटरी गरम लागते. धूर किंवा चरचर आवाज येतो. गाडी पुराच्या किंवा नाल्याच्या पाण्यात बुडाली होती. अशा वेळी मेन स्विच बंद करता येत असेल तर करावा, माणसांना बाहेर काढावे आणि गाडी घरापासून, गवतापासून, जनावरांपासून दूर ठेवता आली तरच ठेवावी. धूर निघू लागल्यावर गाडी ढकलत बसू नये. तो धूर विषारी असतो. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२ लावावा. वाळूने ज्योत झाकली जाते, पण लिथियम बॅटरीच्या आतली उष्णता जात नाही आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

ही भीती उगाच घातलेली नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दवाखान्यात मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली होती. देशभरातल्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्याआधीची किंवा जुनी विकत घेतलेली गाडी असेल तर अधिक जपावे.

तुमची बॅटरी कोणती?

तपासणीआधी बॅटरीवरची चिठ्ठी वाचा. आपल्या भागात दोन प्रकार दिसतात. पहिली शिसे-आम्लाची. ही १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शोधली. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, परवाना आणि नोंदणी न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांत ती पुष्कळदा असते. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतील तर गाडी ४८ व्होल्टची, पाच असतील तर ६० व्होल्टची. दुसरी लिथियमची. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिच्या डब्यात बीएमएस नावाची छोटी पाटी असते. व्होल्टेज, तापमान किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती बॅटरीचे दार बंद करते. पुष्कळदा "बॅटरी मेली" असे जे वाटते, ते ह्या पाटीने केलेले रक्षण असते.

पहिली पायरी : भिंत

चार्जर काढून त्याच सॉकेटला दुसरे काही लावून पाहा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वीचा पिवळा बल्ब व्होल्टेज कमी झाले की मिणमिणायचा, त्यामुळे लगेच कळायचे. आताचा एलईडी बल्ब कमी व्होल्टेजवरही बहुधा तसाच उजळतो. म्हणून बल्ब लागला एवढ्यावर वीज ठीक आहे असे समजू नये. पंखा लावा. तो रडत फिरत असेल तर व्होल्टेज कमी आहे.

घरात वीज २३० व्होल्टच्या आसपास हवी. चार्जरच्या पाठीवर तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेले असते. त्याच्या खाली वीज गेली की चांगला चार्जर स्वतःहून थांबतो. आपल्याकडे द्राक्षाच्या आणि कांद्याच्या शिवारात पंप एकदम सुरू झाले की शेवटच्या पाड्यावरचे व्होल्टेज खाली येते. गाडी दुपारी चार्ज होते आणि रात्री होत नाही, किंवा उलट, असे असेल तर दोष गाडीत नसून वेळेत आहे. पंपांची पाळी कधी असते ते विचारा आणि चार्जिंगची वेळ बदला.

मग अर्थिंग. तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची. काही चार्जर अर्थिंग नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि दिव्याने तसे दाखवतात. पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून त्यांना फसवू नये. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून गाडीला हात लावणाऱ्याचा जीव त्या तिसऱ्या तारेवर असतो. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर तर चार्जर कधीच लावू नये.

एक्स्टेन्शन बोर्ड काढून चार्जर सरळ भिंतीला लावून पाहा. लहान चार्जर दीड-दोन अँपिअरच घेतो, पण तो पाच-सहा तास सलग घेतो. सैल सॉकेट तेवढ्या वेळात तापते, काळे पडते आणि जोड तुटतो. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील तर सॉकेट बदलायलाच हवे. कंपनीने १६ अँपिअरचे सॉकेट सांगितले असेल तर तेच बसवावे.

घरातल्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. हिशेब करू. ६० व्होल्ट आणि २४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,४४० वॅट-अवर, जवळजवळ दीड युनिट. चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून दीड ते पावणेदोन युनिट लागतात. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर देते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरावी. म्हणजे गाडी अर्धी भरेल आणि घर अंधारात जाईल.

दुसरी पायरी : चार्जरचे दिवे

बहुतेक साध्या चार्जरांवर लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू आणि हिरवा म्हणजे भरले, किंवा पुढे काही जोडलेलेच नाही. तुमच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर ते प्रमाण मानावे. दिव्यांचे अर्थ असे घ्यावेत :

* एकही दिवा नाही : वीज चार्जरपर्यंत येत नाही, त्याची वायर तुटली आहे, किंवा चार्जर बिघडला आहे. वायर सुटी होणारी असेल तर तशीच दुसरी लावून पाहा.
* बॅटरी रिकामी, तरी लगेच हिरवा : चार्जरला बॅटरी दिसतच नाही. पुढच्या पायरीकडे जा.
* लाल लागतो, पण थोड्याच वेळात हिरवा होतो आणि गाडी दोन-चार किलोमीटरच जाते : बॅटरी थकली आहे, किंवा संचातली एक कमजोर आहे.
* दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो : ती खूण असते. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि पुस्तिकेत पाहा.

चार्जिंगचा वेळही बोलतो. २४ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरने भरायला पाच तास आणि वर थोडा वेळ लागतो. तासाभरात "भरली" असे दाखवत असेल तर ती खरोखर भरलेली नाही.

तिसरी पायरी : जोडणी

भिंतीचा स्विच बंद, गाडीची किल्ली बंद. मग गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात टॉर्चने पाहा. पिन आत ढकलली गेली आहे का? एखादी काळी किंवा वितळलेली आहे का? चिखल, मुंग्यांचे वारूळ, हिरवट गंज आहे का? सुक्या कापडाने किंवा मऊ ब्रशने साफ करा. रॉकेल, पेट्रोल, पाण्याची धार ह्यांपैकी काहीही वापरू नका. पिन वितळलेली असेल तर तिला पक्कडने घट्ट करून काम भागवू नका. ती जोडणी बदलावी लागते.

जोडताना पुस्तिकेत उलटे सांगितले नसेल तर आधी चार्जर गाडीला लावावा, मग भिंतीचा स्विच चालू करावा. काढताना आधी स्विच बंद. असे केल्याने पिनांवर ठिणगी पडत नाही आणि त्या काळ्या होत नाहीत.

चौथी पायरी : गाडीतला स्विच आणि फ्यूज

कमी वेगाच्या पुष्कळ गाड्यांत सीटखाली किंवा पायाजवळ एमसीबी असतो. खड्ड्यात गाडी आदळली, कोणी सामान ठेवताना धक्का लागला, की तो पडतो. काही गाड्यांत तो पडला की चार्जिंगही थांबते. आमच्या एका आरोग्य कार्यकर्ती ताईंची गाडी अशीच तीन दिवस उभी होती. चार्जर लावला की लगेच हिरवा दिवा. एका दुकानात त्यांना नवा बॅटरीसंच घ्यायला सांगितले होते आणि त्या पैशांची जुळवाजुळव करत होत्या. मी फोनवर त्यांना हाच क्रम एकेक करून विचारला. सीटखालच्या पिशवीआड एमसीबी खाली पडलेला होता. तो वर केला आणि दिवा लाल झाला. दोन महिन्यांचे मानधन वाचले.

मात्र एमसीबी वर केल्यावर पुन्हा लगेच पडत असेल तर आत शॉर्ट आहे. त्याला बांधून किंवा दाबून ठेवू नये. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. गाडीत ती करू नये. फ्यूजने वितळून दिलेला इशारा तारेमुळे बॅटरीवर जातो.

मोठ्या कंपन्यांच्या काही गाड्यांत दिव्यांसाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी जागी होत नाही. पडदा अजिबात उजळत नसेल तर मेकॅनिकला हे आधी तपासायला सांगा.

पाचवी पायरी : तापमान आणि विश्रांती

नांदुरीहून गडाचा घाट चढून आल्यावर बॅटरी तापलेली असते. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली उभी गाडीही तशीच. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायची असते. त्यावर गेली की बीएमएस चार्जिंग नाकारते. सावलीत तासभर उभी करा आणि पुन्हा लावा. पाणी ओतून थंड करू नका.

सहावी पायरी : बॅटरी

इथपर्यंत सर्व ठीक निघाले तरच बॅटरीकडे वळावे, आणि हे काम मीटर वापरता येणाऱ्या माणसानेच करावे. ४८ किंवा ६० व्होल्टची बॅटरी पान्याने शॉर्ट झाली तर लोखंड वितळते.

शिसे-आम्लाच्या संचात प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.७ ते १२.९ व्होल्ट दाखवते. चार १२.७ आणि एक १०.५ च्या खाली असेल तर दोष त्या एकीत आहे. संच नवा असेल तर एक बदलून चालते. जुना असेल तर नवी बॅटरी जुन्यांच्या ओढीने लवकर थकते, म्हणून पूर्ण संचाचा विचार करावा. ही बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो. म्हणून वापरली त्याच दिवशी भरावी.

लिथियमची बॅटरी महिना-दोन महिने बंद राहिली तर बीएमएस थोडी थोडी वीज खात राहते आणि बॅटरी इतकी उतरते की चार्जरला दिसत नाही. दुसऱ्या बॅटरीची तार सरळ लावून तिला "जागे" करणारे लोक भेटतात. फार खाली गेलेल्या सेलमध्ये असे केल्याने पुढे आतूनच शॉर्ट होऊ शकतो. ते काम सर्व्हिस सेंटरचेच. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर निम्म्याच्या वर भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पाहा.

दुसऱ्याचा चार्जर लावून पाहणे ही चांगली युक्ती आहे, पण दोन अटींवर : व्होल्टेज तेच आणि बॅटरीचा प्रकार तोच. ६० व्होल्टचा चार्जर ४८ च्या गाडीला लावू नये. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नये. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असे नाही. मीटरने चार्जर मोजताना शून्य आले तरी तो गेला असे लगेच म्हणू नये. काही चार्जर पुढे बॅटरी दिसल्याशिवाय वीज सोडतच नाहीत.

मेकॅनिककडे जाण्याआधी कागदावर लिहा

गाडीचे मॉडेल, बॅटरीचा प्रकार आणि व्होल्टेज, शेवटची नीट कधी चार्ज झाली, कोणता दिवा कधी लागतो, पाऊस किंवा पडझड झाली होती का, आणि वरच्या पायऱ्यांत काय काय पाहिले. दिव्यांचा फोटो काढा. हमीची मुदत असेल तर डब्याचे सील तोडू नका, गावातल्या कोणालाही तोडू देऊ नका. वणीहून नाशिक चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आतल्या पाड्यावरून ते अंतर दुप्पट होते. बंद गाडी टेम्पोत घालून नेण्याआधी ही माहिती फोनवर कळवली तर एक फेरी वाचते. हमी असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी देणाऱ्यांसाठी

मंडळीने कार्यकर्त्याला गाडी दिली की फोटो निघतो आणि काम झाले असे वाटते. पण ती गाडी रात्री कुठे उभी राहणार? आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांचे घर कुडाच्या भिंतीचे, एका दाराचे आहे, शेजारी पेंढ्याची गंजी आहे. बाहेर पाऊस आणि चोरीची भीती, म्हणून गाडी आत घेतली जाते, दारातच उभी केली जाते आणि लेकरे पलीकडे झोपतात. काही बिघडले तर बाहेर पडायची एकमेव वाट गाडीनेच अडवलेली असते.

म्हणून गाडीबरोबर आणखी चार गोष्टी द्याव्यात : अर्थिंगसह पक्के सॉकेट आणि त्याचा वेगळा एमसीबी, घराबाहेर पावसापासून आडोसा असलेली मोकळी जागा, कुलपाची साखळी, आणि गाडीच्या कंपनीचाच चार्जर. घरी अशी जागा शक्य नसेल तर समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या ओट्यावर परवानगीने, विजेचे पैसे देऊन, दिवसा चार्ज करण्याची सोय करावी. पैसे फार होत नाहीत. पावणेदोन युनिटला आपल्या बिलावरचा दर लावून पाहा. शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू निघू शकतो, तेव्हा तिथे हवा खेळती हवी आणि विडी-काडी दूर.

उजळणी

१. बल्ब लागतो, तरी चार्जर चालत नाही. भिंतीत कोणता दोष असू शकतो आणि तो कसा ओळखाल?
२. रिकाम्या बॅटरीला चार्जर लावताच हिरवा दिवा लागला. पुढे कोणत्या तीन जागा तपासाल?
३. तुमच्या गाडीची बॅटरी कोणत्या प्रकारची, किती व्होल्टची? आजच चिठ्ठी वाचून लिहा.
४. तुमच्या घरी गाडी चार्ज होत असताना बाहेर पडायची वाट मोकळी असते का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे असेल तर बाकीचे प्रश्न उद्यासाठी ठेवा. आज संध्याकाळी गाडीची जागा बदला.